खंड्याची जहागीर

साताऱ्याच्या पूर्वेला, शहरापासून पाचेक किलोमीटरवर, वेण्णा कृष्णेला मिळते. नदीच्या दोन काठांना क्षेत्र माहुली आणि संगम माहुली अशी दोन गावे आहेत. रामशास्त्री प्रभुणे यांचे गाव म्हणून माहुली अनेकांना माहीत असते. काठावरची देवळे आणि घाट पाहायला येणारेही बरेच. सातारच्या राजघराण्याची दहनभूमीही इथेच. १५ डिसेंबर १७४९ रोजी छत्रपती शाहू महाराज साताऱ्यात वारले आणि माहुलीला त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. संगम माहुलीच्या त्या परिसरात राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्यांबरोबर एका कुत्र्याचीही समाधी आहे. दगडात कोरलेला हा कुत्रा शाहू महाराजांचा खंड्या.

महाराष्ट्रात कुत्र्याची समाधी म्हटले की आधी रायगड आठवतो. वाघ्याची कथा राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ या अपुऱ्या राहिलेल्या नाटकामुळे घरोघरी पोचली. १९३६ साली होळकरांच्या देणगीतून रायगडावर त्याचा पुतळा उभा राहिला. २०११ मध्ये तो काढला गेला, पुन्हा बसवला गेला, आणि वाद आजही चालूच आहे. वाघ्याला समकालीन पुरावा नाही, हा आक्षेपकांचा मुख्य मुद्दा. मला त्या वादात शिरायचे नाही. पण ज्या कुत्र्याची हकीकत दोनशे वर्षांपूर्वी छापली गेली, त्या खंड्याबद्दल आपण फारसे बोलत नाही, हे खटकते. आणि वाघ्याच्या कथेत नसलेली एक गोष्ट खंड्याच्या हकिकतीत आहे. या लेखाचा विषय तीच गोष्ट आहे.

ती हकीकत ग्रँट डफने नोंदवली. १८१८ ते १८२२ या काळात तो साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी होता. दप्तरे पाहत, जुन्या माणसांना विचारत त्याने माहिती जमवली आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. शाहूंच्या अखेरच्या दिवसांबद्दल लिहिताना तो दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी की शिकारीत वाघापासून आपला जीव वाचवणाऱ्या कुत्र्याला महाराजांनी सनद करून जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. दुसरी अशी की एका मराठा सरदाराच्या भेटीच्या दरबारात महाराजांनी त्या कुत्र्याला जरीचे कपडे आणि जवाहीर घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. राजाचे मन ताळ्यावर नव्हते, याचा दाखला म्हणून डफने या गोष्टी दिल्या आहेत. धाकट्या राणीच्या मृत्यूने शाहू खचले होते, असेही तो म्हणतो.

डफच्या लिखाणातले दोष दाखवण्याचे काम नीलकंठ जनार्दन कीर्तन्यांनी एकोणिसाव्या शतकातच सुरू केले. त्याच वाटेने जाऊन मी म्हणेन की या दोन गोष्टींना एकाच मापाने मोजू नये. पगडीची गोष्ट दरबारातली आहे. साताऱ्याकडे ती वेगळ्या अर्थाने सांगतात: साध्या पांढऱ्या कपड्यांत राहणाऱ्या राजाने दागिने मिरवत आलेल्या सरदाराला दिलेला तो टोमणा होता. हा अर्थ घेतला तर त्या गोष्टीत वेडही नाही आणि कुत्र्यावरचे प्रेमही नाही. जहागिरीची गोष्ट मात्र खुद्द कुत्र्याची आहे. तिच्याकडे मी इनामांच्या आणि नेमणुकांच्या अंगाने पाहतो.

गणेश चिमणाजी वाडांनी निवडून काढलेल्या सातारकर आणि पेशव्यांच्या रोजनिशा ज्यांनी चाळल्या असतील, त्यांना त्या राज्याची रीत ठाऊक असते. देवाला इनाम, घाटावरच्या ब्राह्मणाला वर्षासन, रणात पडलेल्याच्या बायकामुलांना बालपरवेशी. देवाच्या नावाने जमीन दिली तरी देव काही खंड वसूल करायला जात नाही. गुरव त्या उत्पन्नावर पोट भरतो आणि त्याबदल्यात रोज दिवा लावतो, नैवेद्य दाखवतो. म्हणजे इनाम देवाच्या नावाचे असले तरी त्यातून देवाची रोजची सेवा करणाऱ्या माणसाची सोय होते. कुत्र्याची जहागीरही याच नमुन्याची असणार, असे माझे अनुमान आहे. कुत्र्याला गाव कळत नाही, वसूल कळत नाही. पण त्याच्या नावाने उत्पन्न लागले की त्याला खाऊ घालणारा, अंग पुसणारा, गोचीड काढणारा माणूस कायमचा नेमता येतो. धन्याची मर्जी फिरली किंवा कुत्रा शिकारीच्या कामाचा राहिला नाही, तरी ती सेवा थांबत नाही.

समाधी मेल्यावर बांधतात. ती कृतज्ञतेची खूण आहे आणि ती बांधायला एकदाच खर्च येतो. जहागीर जिवंतपणी मिळते आणि पुढच्या सगळ्या दिवसांची तरतूद करते. अठरा वर्षे मोगलांच्या छावणीत दुसऱ्याच्या नेमणुकीवर वाढलेल्या शाहूंना तरतूद या शब्दाचे मोल कळत असणार. वाघ्याच्या कथेत कुत्रा धन्यासाठी जीव देतो आणि कथा संपते. खंड्याच्या हकिकतीत कुत्रा जगतो आणि मग त्याच्या जगण्याचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न राज्यापुढे येतो.

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या परंपरेत कुत्र्याला मान भरपूर आहे, पण तो बहुधा एका क्षणाचा. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात, त्यांना आपण चार वेद म्हणतो. कृष्णाकाठीच सांगली जिल्ह्यात औदुंबर आहे, पुढे पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडी आहे, आणि दोन्ही ठिकाणी कुत्र्याला हाकलताना माणूस जरा दबकतो. कऱ्हाड तालुक्यातल्या पालीचा खंडोबा धनगरांचा आणि शेतकऱ्यांचा देव. त्याच्याबरोबर कुत्रा असतो, आणि वाघ्या म्हणवणारे भक्त देवाचे कुत्रे म्हणून भुंकून दाखवतात. खंड्या हे नावही खंडोबावरूनच आले असावे. वैश्वदेवात श्वानबळी आहे. महाभारत तर कुत्र्यापासूनच सुरू होते असे म्हणायला हरकत नाही: जनमेजयाच्या भावांनी सरमेच्या पिल्लाला विनाकारण मारले आणि तिने शाप दिला. शेवटी स्वर्गाच्या दारात युधिष्ठिराबरोबर कुत्राच उरतो. या सगळ्यांत एक घास आहे, एक दंडवत आहे, एक कसोटी आहे. आजारी कुत्र्याला सहा वर्षे, आठ वर्षे रोज औषध देणे यांपैकी कशातच बसत नाही.

वैद्यकाच्या इतिहासातही कुत्रा रोगी म्हणून उशिरा येतो. घोड्यांसाठी शालिहोत्र होते, हत्तींसाठी पालकाप्याचा ग्रंथ होता, कारण घोडा आणि हत्ती हे लष्कर होते. सुश्रुताच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याची लक्षणे बारकाईने दिली आहेत, चावलेल्या माणसाला पाण्याची भीती वाटू लागली तर तो वाचत नाही हेही सांगितले आहे. पण तिथे रोगी माणूस आहे, कुत्रा हे रोगाचे कारण आहे. ही नजर पुढे इंग्रजी अमदानीत पक्की झाली. १८८५ मध्ये पाश्चरची लस आली. १९०० मध्ये कसौलीला आणि १९०७ मध्ये कुन्नूरला संस्था निघाल्या. त्यांनी असंख्य माणसे वाचवली, यात शंका नाही. पण सरकारी कागदांत भटका कुत्रा म्हणजे रेबीज आणि त्यावर उपाय म्हणजे मारणे, हे समीकरण रूढ झाले.

या समीकरणाला पहिला मोठा विरोध मुंबईत झाला, आणि तोही पाश्चरच्या कितीतरी आधी. १८१३च्या नियमाने वर्षातल्या ठरावीक दिवसांत बेवारशी कुत्री मारायला परवानगी होती. १८३२च्या उन्हाळ्यात तो अवधी वाढवला गेला आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस असल्याने घरांतली, अंगणांतली कुत्रीही उचलली जाऊ लागली. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोटात दंगल उसळली. पुढे पारशी होते, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांनीही दुकाने बंद ठेवली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. माहुलीचा कुत्रा राजाच्या सनदेवर जगला. मुंबईच्या कुत्र्यांसाठी व्यापाऱ्यांच्या पेढ्यांनी पैसा दिला. दोन्हीकडे एक गोष्ट समान होती: उपयोग संपलेल्या किंवा मुळात कोणाच्याच उपयोगाच्या नसलेल्या जनावरासाठी कायम चालणारे खाते उघडले गेले.

आमच्या भागात ते खाते बैलांसाठी आणि गाईंसाठी उघडले गेले, कुत्र्यांसाठी फारसे नाही. याला कारण आहे. सातारा आणि सांगली हा १९४९पर्यंत एकच जिल्हा होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६०मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या सबंध पट्ट्यात जनावर म्हणजे खिलार बैल, म्हैस, धनगरांची मेंढरे. भिलवडीला १९३९मध्ये चितळ्यांची डेअरी सुरू झाली. पुढे सहकारी दूधसंघ आले, साखर कारखाने आले आणि गुरांच्या दवाखान्यांची गरज वाढली. शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. त्याला नाव दिले क्रांतिसिंह नाना पाटलांचे, म्हणजे सांगलीकडच्या येडे मच्छिंद्रच्या, साताऱ्याचे प्रतिसरकार चालवणाऱ्या माणसाचे. दूध देणाऱ्या आणि ओझे ओढणाऱ्या जनावराचा औषधाचा खर्च त्याच्याच कमाईतून फिटतो, म्हणून ते शास्त्र इथे रुजले. २००३पासून सांगली भागात कारखान्यांच्या गाडीबैलांसाठी काम करणाऱ्या ‘अ‍ॅनिमल राहत’ या संस्थेने म्हाताऱ्या बैलांना निवृत्ती देण्याची कल्पना आणली. ती अनेकांना चमत्कारिक वाटली, पण बैलाबद्दल असल्याने पटली. त्याने आयुष्यभर ओढले आहे, हे सगळ्यांना दिसत होते. गावठी कुत्र्याच्या बाजूने असा हिशेब मांडता येत नाही.

इथे माझ्या घरातल्या कुत्रीबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण या विषयाकडे मी तिच्यामुळे वळलो. २०१७ मध्ये पेठ नाक्याजवळ हायवेच्या कडेला ती मिळाली. वर्षभराची असेल. तोंडाला फेस, डावा पुढचा पाय सारखा झटके देत होता, आणि दोनतीन पोरे हातात दगड घेऊन उभी होती. “पिसाळलंय काका, लांब व्हा,” असे त्यांनी मला बजावले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. रेबीजची भीती खरी आहे आणि रस्त्यावर उभे राहून निदान होत नाही. तिला हात न लावता जाळीच्या पिंजऱ्यातून नेले, वेगळे ठेवले. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर कुत्रे सहसा दहा दिवसांच्या आत मरते. ती अकराव्या दिवशी भाकरी खात होती. तिला झाला होता डिस्टेंपर.

या रोगाचे वर्णन देवीची लस काढणाऱ्या एडवर्ड जेन्नरने १८०९ मध्ये केले. तो विषाणूमुळे होतो हे फ्रान्समध्ये कारेने १९०५ मध्ये दाखवले, आणि लस १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये लेडलॉ आणि डंकिन यांनी काढली. ते संशोधन सुरू झाले ते मुख्यतः शिकारी कुत्री वाचवण्यासाठी. आज ही लस कोणत्याही शहरात मिळते, पण रस्त्यावरच्या पिल्लांना ती टोचली जात नाही. माणसाला हा रोग होत नाही. कुत्र्याला झाला तर बहुतेक मरतात. जी वाचतात त्यांतल्या काहींच्या मेंदूला इजा झालेली असते. पाय झटके देत राहतो, अधूनमधून फिट येते, आणि ते आयुष्यभर चालते.

भुरीला सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला फेनोबार्बिटोनची गोळी लागते. हे औषध माणसांच्या अपस्मारासाठी १९१२मध्ये वापरात आले. त्याआधीचे ब्रोमाइड १८५७पासूनचे, आणि ही दोन्ही जुनी औषधे कुत्र्यांना आजही देतात. चिठ्ठीशिवाय गोळी मिळत नाही. एकाएकी बंद केली तर फिट वाढतात. यकृतावर ताण येतो म्हणून रक्त तपासत राहावे लागते. फिट आली की भोवतीच्या वस्तू बाजूला करायच्या, उजेड कमी करायचा आणि घड्याळ बघायचे. पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना गाठायचा. तोंडात हात घालायचा नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. शेजारच्या काकूंनी एकदा धावत जाऊन कांदा फोडून आणला होता. त्यांना समजावून सांगितले तर म्हणाल्या, “बरं बाई, राहिलं. पण किती दिवस करणार हे? सोडवा की तिला.”

काकूंचा प्रश्न निर्दय नव्हता. खेड्यात वाढलेल्या माणसाने दुखणाईत जनावर पाहिलेले असते. मी एक वही ठेवली आहे. तारीख, वेळ, किती मिनिटे, आदल्या दिवशी काय झाले. पहिल्या वर्षी महिन्याला तीनचार नोंदी होत्या, गेली काही वर्षे दोन महिन्यांत एखादी. दोन फिटांच्या मधल्या दिवसांत ती खाते, उन्हात झोपते, दुधवाल्यावर भुंकते. ‘सोडवा’ याचे उत्तर मी त्या वहीतून देतो. नोंदी पुन्हा दाट झाल्या आणि मधले दिवस तिच्या उपयोगाचे राहिले नाहीत, तर उत्तर बदलेल.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा आम्ही गावभागातून बाहेर पडलो. कागदपत्रांच्या पिशवीतच गोळ्यांच्या तीन पट्ट्या होत्या. होडीत माणसांनाच जागा अपुरी होती, आणि झटके देणारे कुत्रे बघून एक गृहस्थ मागे सरकले. होडीवाल्या पोराने मात्र तिला स्वतः उचलून घेतले. त्या आठवड्यात सांगलीत अनेक घरांच्या पत्र्यांवर कुत्री अडकली होती. संस्थांचे कार्यकर्ते आणि साधी माणसे होड्या घेऊन त्यांना खायला घालत, काढून आणत. ती धावपळ ज्यांनी पाहिली ते आमच्या लोकांना दया नाही असे म्हणणार नाहीत. संकटाच्या आठवड्यात दया भरपूर असते. पाणी ओसरल्यावर ज्या कुत्र्याचा पाय कायमचा गेला, त्याचे पुढे काय, इथे ती कमी पडते.

कायद्यातही नेमकी हीच जागा मोकळी आहे. १९६०चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा सांगतो की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या हिताची काळजी घ्यावी. २००१चे आणि त्यांच्या जागी आलेले २०२३चे प्राणी जन्मनियंत्रण नियम भटक्या कुत्र्यांसाठी एक साखळी घालून देतात: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, जिथून आणले तिथेच सोडा. जे कुत्रे असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी आहे, त्याला वेदना न देता मरण द्यावे. रेबीज झालेल्याला वेगळे ठेवावे. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या कुत्र्यांबद्दल दोन आदेश दिले. ११ तारखेचा सगळ्यांना उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा होता. २२ तारखेला तो बदलून रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री वगळता बाकीची लस देऊन परत सोडण्याचा झाला. देशभर चर्चा पेटली ती सोडावे की कोंडावे यावर. पण निरोगी कुत्रे सोडायचे आणि मरणारे सोडवायचे, या दोन वाक्यांच्या मध्ये जे असते त्याला नियमांत स्वतंत्र खाते नाही. तीन पायांचे, आंधळे, फिट येणारे, गोचीडतापाने पुन्हा पुन्हा रक्त कमी होणारे कुत्रे. ते असाध्य आहे, पण मरणारे नाही. रस्त्यावर परत सोडले तर जगणारही नाही. ते ज्याच्या दारात पडले त्याच्या गळ्यात पडते, आणि मग एकेका घरात वीस-पंचवीस अपंग कुत्री साठतात, शेजाऱ्यांशी भांडणे होतात, सांभाळणारा माणूस कर्जात जातो. अशी घरे मी सांगली-मिरजेत पाहिली आहेत.

ज्यांच्या पोरांना कुत्री चावली आहेत त्यांचा राग मला समजतो, आणि माणसाच्या दवाखान्यात औषध नसताना कुत्र्यासाठी पैसा मागणे अनेकांना खुपेल, हेही समजते. पण खंड्याच्या सनदेतून शिकायचे ते एवढेच की करुणा आणि तरतूद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला कुत्र्यांसाठी पालख्या नकोत. महापालिका आणि नगरपालिका नसबंदीवर जो खर्च करतात, त्यातच दीर्घ आजारी कुत्र्यांसाठी एक छोटी वेगळी नोंद असावी. कोणत्या कुत्र्याला घरी ठेवायचे आणि कोणाला शांतपणे जाऊ द्यायचे हे ठरवायला पशुवैद्याचा सल्ला मोफत मिळावा. जो सांभाळायला तयार आहे त्याला औषधे आणि रक्ततपासणी स्वस्तात मिळावी, आणि त्याबदल्यात एका घरात किती कुत्री याला मर्यादा असावी. शिरवळचे महाविद्यालय याच पट्ट्यात आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना गावठी कुत्र्याचे दहा वर्षांचे दुखणे शिकायला याहून चांगली सोय होणार नाही.

कृष्णा माहुलीहून कऱ्हाडला, तिथून औदुंबरावरून सांगलीला येते. तिच्या वरच्या काठावर पावणेतीनशे वर्षांपूर्वी एका राजाने कुत्र्याच्या नावे उत्पन्न लावून दिले आणि इतिहासकाराने त्याला वेड्यात काढले. त्या राजाच्या दप्तराला नेमणूक हा शब्द नीट माहीत होता. आपल्या पालिकांच्या अंदाजपत्रकांतही तो शब्द आहे, तो फक्त या बाबीपुढे लिहायचा राहिला आहे.